सशाचे केस गळण्याचे दिवस आणि हिवाळ्यातलं घर: नव्याने ससा पाळणाऱ्यांसाठी

दिवाळीच्या आगेमागे घरातला ससा केस टाकू लागतो. सकाळी झाडून घेतलं तरी दुपारी पुन्हा कपाटाखाली, पडद्याच्या कडेला, पंख्याच्या पात्यावर मऊ पांढरा कापूस जमलेला दिसतो. त्याच सुमारास पहाटेचा गारठा सुरू होतो. नवीन पाळणाऱ्यांच्या हातून या दिवसांत हमखास दोन गोष्टी होतात. केस कमी व्हावेत म्हणून सशाला आंघोळ घातली जाते आणि थंडी वाजू नये म्हणून पिंजरा चहूबाजूंनी प्लास्टिकने गुंडाळला जातो. पहिल्या प्रकारात ससा कातडीपर्यंत भिजतो, दुसऱ्यात रात्रभर ओलसर, कोंदट हवेत बसून राहतो. निरोगी, मोठा ससा थंडी चांगली सोसतो. ओल आणि वाऱ्याचा झोत त्याला सोसत नाही.

म्हणून या लेखात पुढे जे काही सांगितलं आहे, त्यामागे दोनच गोष्टी आहेत: ससा कोरडा ठेवायचा, आणि त्याचं पोट गवतावर चालतं ठेवायचं.

केस कधी आणि कसे गळतात

केस बदलण्याचा इशारा सशाच्या शरीराला मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून मिळतो. लंडनसारख्या ठिकाणी डिसेंबरातला दिवस जेमतेम ८ तासांचा आणि जूनमधला साडेसोळा तासांचा असतो, त्यामुळे तिथल्या सशांचे केस बदलण्याचे दिवस ठरलेले असतात. मुंबईत डिसेंबरचा दिवस ११ तासांचा आणि जूनचा सव्वातेरा तासांचा. फरक एवढा थोडा, म्हणून आपल्याकडे हे वेळापत्रक सैल असतं. साधारणपणे पावसाळा सरताना एकदा आणि थंडी ओसरताना फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये एकदा अशी मोठी केसगळ होते. मधल्या काळात एक-दोन हलक्या फेऱ्या होतात. घरातच राहणारा, रात्री उशिरापर्यंत दिव्याच्या उजेडात असणारा ससा कधी कधी वर्षभर थोडेथोडे केस टाकत राहतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पिल्लांचे पहिले मऊ केस ४ ते ६ महिन्यांच्या वयात जातात.

एक मोठी फेरी २ ते ६ आठवडे चालते. सुरुवात बहुतेकदा डोक्याकडून होते, मग मान, पाठ, कुशी आणि सर्वांत शेवटी ढुंगणाचा भाग. जुने आणि नवे केस जिथे भेटतात तिथे अंगावर एक रेघ दिसते आणि ती रोज थोडी मागे सरकते. ढुंगणावर केसांचे झुपके बाहेर लोंबू लागले की फेरी संपत आली असं समजा. रंगीत सशाचे केस फुंकर मारून बाजूला केले तर कातडीवर गडद ठिपके-पट्टे दिसतात. तिथे नवे केस उगवत असतात, तो आजार नव्हे.

खरी केसगळ कोणती आणि आजार कोणता, हे मात्र वेगळं करता आलं पाहिजे. केसगळीत जुन्याखाली नवे केस असतात, कातडी सहसा उघडी पडत नाही. उघडी गुलाबी कातडी, खपल्या, खाज किंवा ओलसर डाग दिसला तर ती केसगळ नाही. मानेमागे आणि खांद्यांवर कोंडा दिसत असेल तर तो केसांत राहणाऱ्या बारीक किड्यांचा असू शकतो. कानात तपकिरी खपल्यांचे थर साचले असतील तर कानातली खरूज. नाकावर, ओठांवर, पंजांवर राखाडी जाड खपली धरली असेल तर अंगाची खरूज, आणि ती हाताळणाऱ्या माणसालाही खाज आणते. या तिन्हींवर उपचार सोपे आहेत, पण डॉक्टरांच्या हातून. कुत्र्या-मांजरांच्या गोचिडांसाठी मिळणारे मानेवर टाकायचे थेंब स्वतःहून वापरू नका. त्यातल्या अनेकांत फिप्रोनिल असतं आणि ते सशाला विषारी आहे.

मादी स्वतःच्या छातीचे केस उपटून, तोंडात गवत घेऊन कोपऱ्यात नेत असेल तर ती घरटं करते आहे. नर सोबत असेल तर पिल्लं होणार. गाभणकाळ सुमारे ३१ दिवसांचा असतो. नर नसेल तर हा खोटा गाभ असतो आणि १६-१८ दिवसांत आपोआप ओसरतो.

केस काढायची पद्धत

साहित्य थोडंच लागतं: मऊ रबरी दात्यांचा ब्रश, उवांसाठी वापरतात तशी बारीक दातांची फणी, वाटीभर पाणी आणि जुनी चादर. कुत्र्यांसाठी मिळणारी धारदार पात्याची, केस खरवडून काढणारी हत्यारं आणू नका. सशाची कातडी फार पातळ असते, सहज फाटते. शिवाय थंडीच्या तोंडावर आतले मऊ नवे केस खरवडून काढले तर त्याचं पांघरूणच काढून घेतल्यासारखं होतं.

पंखा बंद करा, चादर जमिनीवर अंथरा आणि तुम्हीही खालीच बसा. टेबलावर किंवा ओट्यावर हे काम करू नका. घसरून किंवा उडी मारून ससा पडला, किंवा कंबरेला आधार नसताना त्याने मागच्या पायांनी जोरात झटका दिला, तर मणका मोडतो. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. त्याला पाठीवर उताणा करून केस विंचरू नका. तसा तो निपचित पडतो, पण ते निवांतपण नसून भीती असते.

पहिल्यांदा दोन्ही तळहात पाण्यात बुडवून झटका, जेमतेम ओलसर राहू द्या. डोक्यापासून शेपटीकडे, केसांच्या दिशेने दोन-तीन मिनिटं हात फिरवा. सुटे केस तळहाताला चिकटून त्यांच्या वाती वळतात आणि हवेत उडत नाहीत. सगळ्यात जास्त केस याच पायरीत निघतात, आणि सशालाही हे कुरवाळणंच वाटतं. अंग ओलं होता कामा नये. वरवर दमटपणा आला तर कोरड्या फडक्याने पुसा.

मग रबरी ब्रश. छोटे छोटे फटकारे द्या आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी जवळची कातडी हलकी धरून ठेवा, म्हणजे ती ओढली जात नाही. ढुंगणावरचे लोंबणारे झुपके अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत टोकाला धरून केसांच्या दिशेने हळूच ओढा. सुटलेला झुपका अलगद हातात येतो. ओढताना कातडी तंबूसारखी वर उचलली जात असेल तर तो अजून सुटलेला नाही. सोडून द्या, दोन दिवसांनी येईल.

फणी सर्वांत शेवटी, आणि फक्त पाठीवर आणि ढुंगणावर. फणी तिरपी धरा, दाते कातडीत रुतू देऊ नका. पोट आणि मांडीच्या आतल्या बाजूला फणी लावायची नाही, तिथे बोटंच पुरतात.

गुंता झाला तर कात्री लावू नका. गुंत्यासोबत कातडीही वर येते आणि कापल्यावरच कळतं. गुंत्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा, दोन्ही हातांच्या बोटांनी कडेकडेने सोडवा, उरलेलं पीठ झटकून टाका. टाल्कम पावडर नको, ती श्वासात जाते. सुटत नसेल तर डॉक्टरांकडे यंत्राने काढून घ्या.

शेवटी शेपटीखाली बघा. तिथे ओल, चिकटलेली घाण असेल तर तेवढाच भाग कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडा करा. आपल्याकडे माशा हिवाळ्यातही असतात. घाण जागी त्यांनी अंडी घातली तर अळ्या एका दिवसात कातडीत शिरतात आणि ससा दगावू शकतो.

जोरात केस गळत असतील तेव्हा हे रोज ५ ते ७ मिनिटं, एरवी आठवड्यातून एकदा. एकाच बैठकीत सगळे केस काढायचा हट्ट नको. ससा अंग आवळू लागला, दात करकर वाजवू लागला की थांबा. दोन ससे एकत्र असतील तर दोघांचेही केस काढा. ते एकमेकांना चाटतात, आणि एकाचे केस दुसऱ्याच्या पोटात जातात.

अंगोरा जातीचा प्रकार वेगळा. त्याची लोकर वाढतच राहते आणि साधारण तीन महिन्यांनी कापावी लागते. देशात ही जात प्रामुख्याने हिमाचलातल्या कुल्लूसारख्या थंड भागांत जोपासली गेली. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात तिचे हाल होतात. पहिलाच ससा आणणार असाल तर आखूड केसांचा आणा.

केस पोटात जाणारच, पोट थांबू द्यायचं नाही

ससा दिवसातून कितीदा तरी स्वतःला चाटतो. कितीही विंचरलं तरी थोडे केस पोटात जातातच. मांजर केसांचा गोळा ओकून टाकते. सशाला ओकताच येत नाही. पोटात गेलेलं सगळं लेंड्यांवाटेच बाहेर पडायला हवं, आणि निरोगी सशात ते पडतंही. अडचण होते ती आतड्याची चाल मंदावली की: गवत कमी पडलं, पाणी कमी प्यायलं, दात दुखतोय, भीती बसली. मग पोटातलं पाणी शोषलं जातं आणि केस व खाद्य यांचा सुका लगदा तिथेच बसतो. म्हणजे आधी पोट मंदावतं, गोळा नंतर होतो. म्हणूनच तूप, एरंडेल, अननस, पपईच्या गोळ्या यांनी काही साधत नाही. केस केराटिनचे असतात, ते कशाने विरघळत नाहीत. तेल पाजताना श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो, तो वेगळाच.

उपाय म्हणजे वाळलेलं गवत. दोन किलोच्या सशासमोर रोज ८० ते १०० ग्रॅम तरी असावं, म्हणजे दिसायला साधारण त्याच्या अंगाएवढा ढीग. थंडीत तो जास्त खातो, म्हणून रात्री झोपायच्या आधी आणखी एक मूठ टाका. पाकिटातलं टिमोथी किंवा ओटचं वाळलेलं गवत चालतं, पण महागात पडतं. पावसाळ्यानंतर कापलेलं मारवेल किंवा पवण्याचं डोंगरी गवत मिळालं तर उत्तम. घेताना तीन गोष्टी तपासा. मूठभर गवत झटकून बघा, पांढरी-काळी भुकटी उडाली किंवा कुबट वास आला तर बुरशी आहे, घेऊ नका. कुसळी गवत मिसळलेलं नसावं, त्याची कुसळं डोळ्यांत आणि हिरड्यांत घुसतात. रंग हिरवट-पिवळा असावा. करडं पडलेलं गवत जुनं असतं.

लसूणघासात प्रथिनं आणि कॅल्शियम फार असतं. सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लांना आणि पाजणाऱ्या मादीला ठीक, मोठ्या सशाला रोज नको. ज्वारीचा कडबा फार जाडाभरडा, त्यावर पोट भरत नाही. पाण्यावाचून खुरटलेली कोवळी ज्वारी तर विषारी असते. गोळ्यांचं खाद्य मोठ्या सशाला वजनाच्या दर किलोमागे २५ ग्रॅमपेक्षा जास्त नको. सरकी पेंड, कोंबड्यांचं खाद्य, बिस्किटं, पोळी, संक्रांतीचा तिळगूळ, हुरडा: यातलं काहीही देऊ नका. पिष्ट आणि साखर आतड्यातल्या उपयोगी जंतूंचं गणित बिघडवतात. हिवाळ्यात मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, कोथिंबीर, मेथी भरपूर मिळते. रोज एक-दोन मुठी धुऊन, पाणी झटकून द्या. पालक आठवड्यातून एखाद्या वेळी. गाजर म्हणजे बोटाच्या पेराएवढा तुकडा, रोज नाही.

पाणी हा हिवाळ्यात दुर्लक्षित राहणारा भाग. किलोमागे दिवसाला ५० ते १५० मिलिलिटर पाणी त्याला लागतं, म्हणजे दोन किलोच्या सशाला १०० ते ३००. पहाटे गारठलेलं पाणी तो कमी पितो, म्हणून सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी भरा. बाटलीच्या नळीपेक्षा जड चिनीमातीचं भांडं बरं. बाटलीतून पाणी हळू येतं, नळीच्या तोंडातली छोटी गोळी अडकते आणि खालचा पेंढा भिजतो.

पोट चालतंय की नाही हे लेंड्यांवरून कळतं. रोज सकाळी झाडताना एक लेंडी उचलून चिमटीत फोडा. निरोगी लेंडी गोल, हरभऱ्याच्या दाण्याएवढी, आणि फुटल्यावर आत नुसती गवताची भुकटी. लेंड्या केसाने एकमेकींना माळेसारख्या जोडलेल्या दिसल्या तर केस जास्त जात आहेत, पण निदान बाहेर पडत आहेत. दिवसातून दोनदा विंचरा, गवत वाढवा, गोळ्या निम्म्या करा. लेंड्या लहान, कडक, काळपट आणि मोजक्या झाल्या तर पोट मंदावू लागलं आहे. द्राक्षाच्या घोसासारख्या मऊ, चकचकीत लेंड्या मात्र वेगळ्या. त्या तो थेट ढुंगणातून खातो आणि ते त्याला आवश्यकच असतं, अडवू नका.

हिवाळ्यातलं घर: आधी जागा

आपल्याकडची थंडी एकसारखी नाही. निफाडला काही वर्षी पारा ५ अंशांखाली जातो. विदर्भात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री १० अंशांखाली येतात आणि दुपारी ऊन पुन्हा २८ अंशांच्या घरात. मुंबई, कोकण, गोव्यात १५च्या खाली क्वचितच. तिथे सशासाठी हेच वर्षातले सर्वांत सुखाचे महिने, नुसता दमटपणा सांभाळला तरी पुरे. निरोगी, पूर्ण केसांचा मोठा ससा कोरड्या, वारा न लागणाऱ्या जागी ५ अंशांपर्यंत मजेत राहतो. उष्णता मात्र त्याला २८-३० अंशांपुढे त्रास देऊ लागते. म्हणजे नाशिक-पुण्यातलं घर पहाटे उबदार आणि दुपारी हवेशीर असं दोन्ही असायला हवं, आणि पक्कं गुंडाळलेला पिंजरा नेमका इथे फसतो.

ससा बाहेर राहणार की घरात, हे ऑक्टोबरातच ठरवा. बाहेर असलेल्या सशाला थंडी हळूहळू वाढताना दाट केस येतात. डिसेंबरपर्यंत घरात राहिलेल्या सशाला एकदम गच्चीत ठेवलं तर ते केस त्याच्याकडे नसतात. रोज उबदार खोली आणि गार गॅलरी अशी ने-आणही नको. तीन महिन्यांखालची पिल्लं, सहा-सात वर्षांपुढचे ससे, रोडावलेले, आजारी किंवा नुकतीच लोकर कापलेले ससे: हे सगळे घरात.

हिवाळ्यातला वारा आपल्याकडे बहुतेक उत्तर-ईशान्येकडून येतो, म्हणून घराचं उघडं तोंड दक्षिणेला किंवा आग्नेयेला ठेवा. सकाळचं ऊन आत यावं आणि दुपारी सावली मिळावी. फ्लॅटच्या गॅलरीत झोत कठड्याच्या खालच्या फटीतून येतो, नेमका सशाच्या उंचीवर. तिथे दोन फूट उंचीची प्लायची फळी आडवी बांधली की निम्मं काम होतं.

खोकं बनवताना

दोन-अडीच किलोच्या एका सशासाठी झोपायचं खोकं अडीच फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच पुरतं. दोन असतील तर लांबी तीन फूट करा. खूप मोठं खोकं अंगाच्या उबेने तापत नाही. ही फक्त झोपायची जागा. याला जोडून बागडायला जाळीचं आवार हवं, आणि दिवसातून तीन-चार तास मोकळं सोडायला हवं.

१. पाणीरोधक १२ मिलिमीटर प्लाय घ्या. तीन बाजू, तळ आणि छप्पर पूर्ण बंद. रंग किंवा वॉर्निश फक्त बाहेरून, आतल्या कडा तो कुरतडणारच.

२. समोर दार एका कोपऱ्यात कापा, ८ इंच रुंद आणि १० इंच उंच. मधोमध दार ठेवलं तर वारा सरळ आतपर्यंत जातो. दाराला चार इंचांचा उंबरठा ठेवा म्हणजे पेंढा बाहेर येत नाही.

३. छपराच्या लगेच खाली, वारा न लागणाऱ्या बाजूला, लांबीभर दीड-दोन इंचांची फट ठेवून तिला जाळी मारा. ही फट कितीही थंडी पडली तरी बुजवायची नाही. श्वासातली वाफ आणि लघवीचा अमोनिया इथूनच बाहेर जातो.

४. छपराला मागच्या बाजूला तीन इंचांचा उतार द्या, पुढे सहा इंच वळचण ठेवा. नुसता पत्रा नको, पहाटे आतून दव टपकतं आणि दुपारी भट्टी होते. प्लायवर पत्रा ठोका.

५. खोकं जमिनीपासून एक फूट वर, पायांवर. पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या तर मुंग्या चढत नाहीत.

६. आवाराला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा. कोंबड्यांची षट्कोनी जाळी घूस, मुंगूस आणि भटकी कुत्री तोडतात. दाराला दोन कड्या, एक वर, एक खाली.

तळाला जाळी कधीच नको. बाजारातले बहुतेक पिंजरे जाळीच्या तळाचे असतात, कारण ते झाडायला सोपे. पण सशाच्या पंजाला कुत्र्यासारखी गादी नसते, नुसते केस असतात. तारेवर बसून टाच सोलवटते आणि जखम हाडापर्यंत जाऊ शकते. असा पिंजरा आधीच घेतला असेल तर तळावर प्लायचा तुकडा आणि त्यावर रबरी चटई घाला.

अंथरूण आणि पांघरूण

सहा-आठ वर्तमानपत्रांचे थर, त्यावर ५-६ इंच कोरडा पेंढा. कोकणात भाताचा, देशावर गव्हाचं काड. पेंढा असा सैल टाका की ससा आत खड्डा करून बसू शकेल. त्याची ऊब त्या खड्ड्यातच धरून राहते. भाताचं तूस आणि सॉ मिलचा बारीक भुसा नको, धूळ नाकात जाते. ससा नाकानेच श्वास घेतो, नाक चोंदलं की त्याला दुसरा मार्ग नाही. जुन्या साड्या, गोधडी, स्वेटर, सुतळीचं पोतं आत घालू नका. कुरतडलेले धागे आतड्यात अडकतात.

ससा लघवी ठरावीक कोपऱ्यातच करतो. तो कोपरा ओळखून तिथे उथळ ट्रे ठेवा, त्यात वर्तमानपत्र आणि वर गवत. हा ट्रे रोज बदला, सगळा पेंढा आठवड्यातून एकदा. पेंढा ओला झाला की नाही हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून तळाशी हात घालून मूठ वळा. तळव्याला गार, दमट लागलं तर तेवढा भाग लगेच काढा.

पहाटे ८ अंशांखाली जाणाऱ्या भागात संध्याकाळी खोक्यावर आणि आवाराच्या वाऱ्याकडच्या बाजूंना ताडपत्री किंवा गोणपाट सोडा. जाळीपासून चार बोटं दूर बांधा, नाहीतर रात्रीतून तो आत ओढून खातो. छपराखालची फट उघडीच राहिली पाहिजे आणि दाराकडची एक वीतभर जागाही. ऊन वर आलं की सगळं काढून टाका.

पांघरूण बरोबर आहे का, याची खूण दुसऱ्या दिवशी सकाळी मिळते. आवरण काढायच्या आधी खोक्यात हात घालून छपराच्या आतल्या बाजूवर फिरवा. तळहात ओला झाला तर हवा कोंडते आहे, फट मोठी करा. मग खाली वाकून तोंड दाराशी, सशाच्या नाकाच्या उंचीवर न्या आणि श्वास घ्या. उभ्याने वास येत नाही, पण वाकल्यावर डोळे चुरचुरले तर ससा रात्रभर अमोनियात होता. हिवाळ्यातल्या शिंका, वाहतं नाक, पुढच्या पंजांच्या आतल्या बाजूला चिकट झालेले केस, या सगळ्याची सुरुवात बहुतेक वेळा इथे असते. थंडीला दोष दिला जातो आणि आणखी एक पांघरूण चढतं.

बल्ब, हीटर नको. वायर कुरतडली की शॉक, पेंढ्याला लागली की आग. बंद खोलीत शेगडी तर अजिबात नको, तिचा धूर आणि न दिसणारा वायू माणसाचाही जीव घेतो. मच्छर कॉइल आणि अगरबत्तीही सशाच्या खोलीत लावू नका, डासांसाठी बारीक जाळी लावा. म्हाताऱ्या किंवा आजारी सशाला ऊब द्यायचीच असेल तर कडक प्लास्टिकच्या बाटलीत हाताला सोसेल एवढं गरम पाणी भरून, जाड टॉवेलात गुंडाळून एका कडेला ठेवा. त्याला गरम झालं तर दूर सरकता आलं पाहिजे. थंड झालेली बाटली काढून घ्या, नाहीतर तीच त्याची ऊब शोषते.

डॉक्टरांकडे केव्हा

ससा दुखणं लपवतो, म्हणून वेळ मोजायची ती खाण्यावरून. १० ते १२ तास काही खाल्लं नाही किंवा एकही लेंडी टाकली नाही, पाठ कुबडी करून कोपऱ्यात बसला आहे, दात करकर वाजवतो आहे: त्याच दिवशी डॉक्टर, सकाळपर्यंत थांबायचं नाही. सशाच्या अंगाचं तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश असतं. कान बर्फासारखे गार आणि अंग मलूल असेल तर नेतानाच टॉवेलातली गरम बाटली सोबत ठेवा. पोट फुगून ढोलासारखं टणक लागत असेल तर काहीही भरवू नका. तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल तर ती सर्वांत मोठी तातडी.

घरातलं उरलेलं औषध देऊ नका. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन तोंडावाटे दिलं तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि त्यातून तो दगावू शकतो. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला सशांचा अनुभव नसतो, म्हणून आजारपण यायच्या आधीच फोन करून "ससे बघता का" हे विचारून ठेवा. नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यक महाविद्यालयं मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथे आहेत. जवळ कोणी न मिळाल्यास तिथे चौकशी करता येते.

थंडी ओसरताना

फेब्रुवारीच्या मध्यापासून पहाटेचा गारठा कमी होतो आणि दुसरी मोठी केसगळ सुरू होते. पांघरूण एकदम काढू नका. पहिल्या आठवड्यात फक्त पुढची बाजू मोकळी ठेवा, नंतर बाकीच्या. पेंढा पाच इंचांवरून दोन इंचांवर आणा. विंचरणं पुन्हा रोजचं करा. दाट केस अंगावर असताना मार्चचं ऊन चढलं तर ससा कान गरम करून, आडवा पसरून धापा टाकू लागतो. एखाद्या कोरड्या दिवशी खोकं रिकामं करून पाण्यात निम्मं व्हिनेगर घालून घासा, लघवीचे पांढरे थर त्याने सुटतात. मग दिवसभर उन्हात उघडं टाका आणि पूर्ण सुकल्यावरच ससा आत सोडा.